देवनागरी नावांसाठी घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन : पावसाळाभर वापरून झाल्यावर

कपड्यांवर मराठीत नावं भरायला मशीन घेणार असाल, तर सगळ्यात आधी फ्रेमचं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीचं, माप बघा. चार बाय चार इंचांची, म्हणजे १००×१०० मिलिमीटरची फ्रेम अजिबात घेऊ नका. १३०×१८० ची फ्रेम ज्याला लागते तेच मॉडेल घ्या, मग तयार फुलापानांची डिझाइन्स कमी मिळाली तरी चालेल. माझ्या मशीनला ही मोठी फ्रेम आहे. तरीसुद्धा उपरण्याच्या काठावर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' भरायचं म्हटलं की कापड दोनदा तरी फ्रेममध्ये लावावं लागतं.

रोमन अक्षरं सुटी असतात. फ्रेम काढून परत लावताना कापड अर्धा मिलिमीटर सरकलं, तरी दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत ते खपून जातं. आपल्या लिपीत वरून शिरोरेषा धावते. ती मधेच अर्धा मिलिमीटर वरखाली झाली, तर पाहणाऱ्याची नजर नाव वाचायच्या आधी तिथेच अडकते. म्हणून मी शब्द मधे कधीच तोडत नाही. फ्रेम बदलायची ती शब्द संपल्यावर, आणि एक अख्खा शब्द फ्रेममध्ये मावलाच पाहिजे. 'शांतादुर्गा' हा शब्द वाचण्यासारख्या आकारात छोट्या फ्रेममध्ये मावत नाही.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. कवळे, मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी ही देवळं अवतीभवती, त्यामुळे उपरणी, देवघरातली आसनं, चवथीला गणपतीपुढे घालायचं वस्त्र अशी कामं आपसूकच येतात. हे सगळं काम देवनागरीत असतं, आणि माझ्या मशीनमध्ये तयार असलेले सगळे फॉन्ट रोमन. घेण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्या. मशीन टाके सुंदर घालतं, पण मराठी अक्षर त्याला आपणच करून द्यावं लागतं.

मोनोग्रामबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे अडचण जवळपास नाहीच. तीन अक्षरांचा पारंपरिक मोनोग्राम म्हणजे मधे आडनावाचं मोठं अक्षर आणि दोन्ही बाजूंना लहान अक्षरं. जोडप्याचा असेल तर डावीकडे बायकोचं, उजवीकडे नवऱ्याचं. वाड्यावरच्या एका ख्रिस्ती घरात लग्न होतं, त्यांच्या टेबलाच्या नॅपकिनांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर मी असे मोनोग्राम भरले. मशीनमधलाच फॉन्ट, मशीनमधलीच गोल चौकट. त्या घरातल्या आजींकडे हाताने भरलेले जुने अभ्रे आहेत, पांढऱ्यावर पांढरं काम. ते पाहून मी दोऱ्याचा रंग बदलला आणि सगळं काम पांढऱ्यातच केलं. त्या कापडावर तेच शोभत होतं.

आता देवनागरीचं पंचिंग, म्हणजे अक्षरावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं. बाजारातली बरीच पंचिंग सॉफ्टवेअर मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फोडतात, हलन्त दाखवतात, पहिली वेलांटी अक्षरानंतर नेऊन ठेवतात. मी इंकस्केप हे चित्रं आखायचं सॉफ्टवेअर वापरते आणि त्यात इंक/स्टिच हे भरतकामाचं एक्स्टेन्शन घातलं आहे. दोन्ही फुकट आहेत. इंकस्केपमध्ये मराठी अक्षर बरोबर जुळतं. मग त्याची रेखाकृती करायची आणि त्यावरून सॅटिनच्या, म्हणजे एकमेकांना लागून घातलेल्या आडव्या टाक्यांच्या, पट्ट्या स्वतः आखायच्या. एका पट्टीला दोन कडा आणि मधे टाक्यांची दिशा दाखवणाऱ्या आडव्या रेघा. काम किचकट आहे, पण एकदा 'श्री' नीट जमला की तो कायमचा आपला. शेवटी मशीनला हवी ती फाइल करून पेन ड्राइव्हवर घ्यायची. एका कंपनीचं मशीन पीईएस मागतं, दुसऱ्या कंपनीचं जेईएफ.

फॉन्ट निवडताना बोरूने लिहिल्यासारखी वळणदार अक्षरं टाळा. त्यांच्या बारीक रेघा एक मिलिमीटरच्या आत जातात आणि तिथे सॅटिन बसत नाही, नुसती गाठ होते. एकसारख्या जाडीचं अक्षर हवं. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन फॉन्ट मोफत मिळतात आणि दोन्ही दोऱ्यात छान उतरतात. टॉवेलवर 'बालू', तलम सुती कापडावर 'मुक्त', असं मी ठरवून टाकलं आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिरोरेषेची. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. तसंच भरलं तर सांध्यांवर कुठे फट पडते, कुठे दोऱ्याचा उंचवटा येतो, कारण टाका कापडाला ओढतो आणि प्रत्येक अक्षर किंचित आकसतं. मी सगळ्या अक्षरांच्या शिरोरेषा काढून टाकते. काने आणि दांडे शिरोरेषेच्या जागेत थोडे वर शिरतील इतके लांब ठेवते. वेलांट्या, मात्रा, रफार यांचे पायही तिथवर आणते. हे सगळं भरून झालं की शेवटी पूर्ण शब्दाची शिरोरेषा एका सलग सॅटिन पट्टीने डावीकडून उजवीकडे घालते. खाली मधोमध धावदोऱ्याचं अस्तर, वर ०.४ मिलिमीटर अंतराचे टाके. सगळी उघडी टोकं त्याखाली दबतात आणि शब्द एकजीव दिसतो. ही पट्टी जाडीला आकसते आणि लांबीला दोन्ही टोकांशी जराशी बाहेर सरकते. म्हणून आखताना ती थोडी जाड आणि थोडी आखूड ठेवायची.

अनुस्वार मात्र शिरोरेषेनंतर. एवढ्याशा ठिपक्याखाली अस्तर घालू नका, दोरा साचतो आणि सुई अडखळते. सॅटिनचे मोजके टाके पुरतात. साध्या नावांना अक्षराची उंची ८ मिलिमीटर चालते. 'लक्ष्मी', 'सिद्धी', 'प्रसन्न' अशांना १२ च्या खाली गेलात की जोडाक्षर भरून जातं. 'ब' आणि 'व' यांत फरक करणारी ती आतली तिरकी रेघ सगळ्यात आधी बुजते. कुणी खिशावर लहान अक्षरात नाव मागितलं, तर मी ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५/९ ची सुई लावते. एरवी ४० नंबरचा दोरा आणि ७५/११. अक्षरं भरताना वेग मिनिटाला ४०० टाक्यांवर आणते. मशीन याहून पुष्कळ जोरात धावू शकतं, पण अक्षरांच्या वळणांवर फरक स्पष्ट दिसतो.

दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, तपासायला मी चिंधीवर दंड, म्हणजे श्लोकात ओळीच्या शेवटी येणारं '।' हे चिन्ह, ओळीने भरते. कापड उलटून पाहायचं. मागे मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला की झालं.

गोव्याच्या हवेबद्दल स्वतंत्र लिहायलाच हवं. टॉवेलवर भरताना लूप दबावेत म्हणून पाण्यात विरघळणारी फिल्म वर ठेवतात. जून लागला की ही फिल्म हवेतलं पाणी ओढून मऊ आणि चिकट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबतच ठेवायची आणि काम असेल तेवढीच बाहेर काढायची. सुयाही त्याच डब्यात. गंजाचा बारीकसा डागही पांढऱ्या उपरण्यावरून निघत नाही. पावसात वीज जाणार हे धरूनच चाला. माझं मशीन वीज परत आली की थांबलं होतं तिथून पुढे जाऊ का, असं विचारतं. तेवढ्या वेळात फ्रेमला हात लावायचा नाही. ही सोय आपल्याकडे चैनीची नाही, विकत घेताना मुद्दाम विचारा.

दोरे म्हापशाच्या आणि मडगावच्या बाजारात मिळतात, पण स्टॅबिलायझर, म्हणजे भरताना कापड आकसू नये म्हणून खाली लावायचा थर, बहुतेक बाहेरूनच मागवावा लागतो. शिंप्याकडचं बक्रम त्याच्या जागी वापरू नका, कापड कडक राहतं. विणलेल्या सुती कापडाला फाडून काढायचा, टी-शर्टला कापून ठेवायचा. कुणबी साडी त्यातली खास आहे. विणकर तिच्यात चौकडी घालतो, त्यामुळे नाव किंचितही तिरकं गेलं तर चौकडीच ते उघडं पाडते. मी शिरोरेषा चौकडीच्या एका आडव्या रेघेला समांतर धरूनच फ्रेम लावते, खाली मऊ, कापायचा स्टॅबिलायझर. अशा पदराच्या कोपऱ्यात भरलेलं आजीचं नाव हे आतापर्यंतच्या कामात मला सगळ्यात आवडलेलं काम.

धुण्याचं म्हणाल, तर पॉलिएस्टर दोऱ्यातली नावं रोज वापरल्या जाणाऱ्या पंच्यांवर पावसाळाभर धुवून जशीच्या तशी आहेत. रेयॉनला चमक जास्त, पण तो मी आता फक्त देवघरातल्या वस्त्रांसाठी ठेवते. जरीच्या दोऱ्याला ९०/१४ ची सुई लागते आणि वेग असेल तितका कमी. सॅटिन पट्टीत तो सारखा तुटतो, लांब टाक्यांच्या धावदोऱ्यात टिकतो. म्हणून सध्या जरीत फक्त शिरोरेषेखालची नक्षी करते, अक्षरं नाहीत.