गुलामीत जन्मलेल्यांच्या मुलाखती: वर्गात वापरावा असा संग्रह

अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्यांनी गुलामगिरीच्या धड्याला हात घालण्याआधी 'बॉर्न इन स्लेव्हरी' हा संग्रह उघडावा, असं मी कळकळीने सांगेन. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. मंदीच्या काळात सरकारने बेकार लेखकांना काम दिलं आणि १९३६ ते १९३८ मध्ये त्यांनी १७ राज्यांत एकेकाळी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं. त्यातून २,३०० हून जास्त मुलाखती आणि ५०० च्या वर कृष्णधवल फोटो जमले.

मी ह्यूस्टनला आठवीला शिकवते, म्हणून टेक्ससच्या खंडांपासून सुरुवात करते. जॅस्परच्या टेम्पी कमिन्स यांची मुलाखत छोटीशीच आहे. त्यांची आई मालकाच्या घरात राबायची आणि चुलाण्याच्या कोपऱ्यात लपून गोऱ्यांचं बोलणं ऐकायची. एकदा मालक बायकोला सांगत होता की गुलाम मोकळे झालेत, पण त्यांना पत्ता नाही, आणि आणखी एकदोन पिकं हाती येईपर्यंत मी सांगणारही नाही. आई कोपऱ्यातून सटकली, टाचेवर टाच चार वेळा आपटली, 'मी मोकळी, मी मोकळी' म्हणून ओरडली आणि मालकाला न जुमानता शेतात धावली. सगळ्यांनी काम टाकलं. रात्री घराजवळच्या घळीत लपून तिने लेकीला आणवून घेतलं. मालकाने गोळी झाडली, पण मायलेकी निसटल्या.

१९ जून १८६५ ला टेक्ससच्या गॅल्व्हेस्टनमध्ये मुक्तीचा आदेश निघाला, एवढं मुलांना पाठ असतं. ती बातमी एखाद्या शेतापर्यंत कुणी नेली आणि त्यासाठी काय पणाला लावलं, हे त्यांना इथे कळतं.

याच मुलाखतीवर मी मुलांकडून चित्रकथा करून घेते. अट एकच: मजकुरात नाही ते काढायचं नाही. एका मुलीने अख्खी चौकट फक्त दोन टाचांना दिली. दुसऱ्या मुलाने मालकिणीचा चेहरा कोराच ठेवला, कारण ती काय म्हणाली ते टेम्पीबाईंनी सांगितलेलंच नाही. मुलांना गुलाम आणि मालक बनवून नाटक मात्र बसवू नका. ज्यांचे खापरपणजोबा गुलाम होते अशी मुलं समोर बसलेली असतात, त्यांच्यावर तो प्रसंग आणण्याचा आपल्याला काहीही हक्क नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. वर्गात मी हे अभिमानाने सांगते. आणि लगेच या मुलाखती वाचायला देते, म्हणजे जे सुटले त्यांचंही मुलांच्या कानावर पडतं.

आता उणिवा. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते. त्यांनी बोली लिहिताना स्पेलिंग इतकी मोडलीत की मुलं अडखळतात, क्वचित हसतातही. म्हणून मी आधी स्वतः मोठ्याने वाचून दाखवते. अपमानास्पद शब्द जागोजागी आहेत, तेव्हा पानं आधी वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नयेत. शिवाय बोलणाऱ्यांपैकी अनेकजण मुक्तीच्या वेळी लहान होते, आणि १९३७ साली उपाशीही.

तरी माझ्या मते सगळ्यात मोलाचा धडा या उणिवांतूनच मिळतो. चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन यांची मुलाखत दोनदा झाली. एकदा आलेल्या गोऱ्या बाई त्यांना सरकारी मदत खात्याच्या वाटल्या, आणि मालक चांगला माणूस होता, असं त्यांनी सांगितलं. आणखी एकदा एक कृष्णवर्णीय मुलाखतकार आला. त्याला त्यांनी चाबकाचे फटके सांगितले. रात्री लग्न लागून सकाळी विकली गेलेली नवरी सांगितली, आणि भर रस्त्यात उभी राहून मालकिणीला शिव्या देणारी तिची आईही. दोन्ही मुलाखती शेजारी ठेवून मी एवढंच विचारते: विचारणारं कोण, आणि त्यांच्या हातात काय आहे? तास संपला तरी मुलं बोलत असतात.

दोन्ही मुलाखती दक्षिण कॅरोलायनाच्या खंडात आहेत. एकीत आडनाव हॅमलिन छापलंय, दुसरीत हॅमिल्टन, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.