बिनपगारी पाहुणी संशोधक म्हणून अमेरिकेत 10 महिने: सेवा कशी होती

यजमान विभागाला पाचपैकी पाच. विद्यापीठाच्या परदेशी स्कॉलर कार्यालयाला दोन.

मी सोलापूरला रब्बी ज्वारीवर काम करते. एक अख्खा रब्बी हंगाम सोडून ऑगस्ट 2024 ते मे 2025 अमेरिकेच्या मैदानी भागातल्या एका सरकारी विद्यापीठात व्हिजिटिंग स्कॉलर होते. तिकडून पगार नाही. इकडची अभ्यासरजा आणि घरची शिल्लक, एवढ्यावर गेले. विद्यापीठ आमंत्रण देतं, जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसासाठी लागणारं डीएस-2019 नावाचं पात्रतापत्र काढून देतं, बसायला टेबल देतं आणि या कागदपत्रांची वेगळी फी घेतं. पैसे मोजून घेतलेली सेवा आहे ही, म्हणून तिच्याबद्दल नीट लिहायला हवं असं वाटलं.

डीएस-2019 मिळायच्या आधी दरमहा 2,000 डॉलर खर्च करायची ऐपत दाखवावी लागली. 10 महिन्यांचे 20,000. मुदत ठेवींच्या पावत्या, पगारपत्रक, नवऱ्याच्या खात्याचा बँकेचा दाखला, सगळं गोळा केलं. मग सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थी-स्कॉलरांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रणालीचे, 220 डॉलर, व्हिसाचे 185, आणि बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीसाठी मुंबईच्या दोन खेपा. इथपर्यंत कार्यालयाची तक्रार नाही. मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं.

विम्याचं मात्र आधीच बघा. जे-1ला प्रत्येक आजारामागे किमान 1,00,000 डॉलरचं संरक्षण लागतं, स्वतः भरायची रक्कम 500 डॉलरच्या वर चालत नाही. आजारी माणसाला मायदेशी हलवण्यासाठी 50,000 आणि मृतदेह पाठवण्यासाठी 25,000. मी इथून घेतलेली प्रवास पॉलिसी त्या 500च्या अटीत बसली नाही. तिकडे पोचल्यावर दुसरी घ्यावी लागली आणि पहिलीचे पैसे गेले. आमंत्रणपत्रासोबत या चार आकड्यांचा एक कागद पाठवला असता तर हे टळलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तिथे सगळं कर्मचारी क्रमांकावर चालतं, नाहीतर विद्यार्थी क्रमांकावर. मी दोन्ही नव्हते. क्रमांक नाही म्हणून सुरक्षा प्रशिक्षणाच्या ऑनलाइन पानावर शिरता येईना. प्रशिक्षण नाही म्हणून ग्रीनहाऊसचं दार माझ्या कार्डाने उघडेना, आणि शेतावरही एकटीला जायची परवानगी नाही. असे 17 दिवस गेले.

हे 17 दिवस किती मोलाचे होते ते ज्वारीवाल्यांना कळेल. तिकडची ज्वारी मे-जूनमध्ये पेरतात, ऑगस्टमध्ये ती फुलोऱ्यात असते. माझं काम होतं पाण्याचा ताण पडल्यावरही दाणा भरेपर्यंत पानं हिरवी कोणता वाण राखतो ते मोजायचं. ते फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंतच मोजता येतं. आपल्या मालदांडीला, म्हणजे रब्बी ज्वारीच्या जुन्या वाणाला, जमिनीत साठलेल्या ओलीवर सगळा हंगाम काढावा लागतो, म्हणून मला हे शिकायचं होतं. आणि मी वाचनालयाच्या खिडकीत बसून ऊन बघत होते. त्या दिवसांचा मला अजून राग येतो. हंगाम माणसासाठी थांबत नाही, हे शेतकी विद्याशाखा असलेल्या विद्यापीठाला सांगावं लागू नये.

सोडवलं ते विभागाच्या ऑफिसातल्या बाईंनी. पंचवीसेक वर्षं तिथे असाव्यात. आयटी विभागात 'पुरस्कृत खातं' नावाचा एक प्रकार असतो, प्राध्यापकाच्या सहीने बाहेरच्या माणसाला तात्पुरता क्रमांक मिळतो. त्यांनी तो फॉर्म स्वतः भरला, सही आणली, दुसऱ्या दिवशी दार उघडलं. ज्या कार्यालयाने माझ्याकडून फी घेतली त्याला हा फॉर्म माहीतच नव्हता. तुम्ही जाणार असाल तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी एवढंच विचारा: माझं खातं कोणत्या प्रकारात, कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेला सुरू होणार? आणि उत्तर लेखी घ्या.

विद्यापीठाची गाडी चालवायची मुभाही फक्त पगारी लोकांना. शेत गावाबाहेर 12 किलोमीटरवर. पीएचडीनंतरचं संशोधन करणारी (पोस्टडॉक) एक मुलगी रोज सकाळी साडेसहाला मला घ्यायला यायची. तिचं ऋण फिटणार नाही.

माझ्या यजमान प्राध्यापकांबद्दल मनापासून चांगलंच लिहायचं आहे. दर गुरुवारी एक तास बैठक, न चुकता. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडे ज्वारी एवढी उंच का ठेवता? तिकडची ज्वारी कंबरेइतकी, कम्बाइन या कापणी-मळणी यंत्राने कापायला सोयीची. दाणा जनावरांना आणि इथेनॉलला जातो. मी कडब्याचं सांगितलं: आमच्याकडे दुष्काळात कडब्याची पेंढी दाण्याइतकी महाग होते, शेतकरी धाटाची गोडी बघून वाण निवडतो. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे मला भाकरी आणि कडब्यावर तासभर बोलायला लावलं. पाहुण्याकडून शिकायची तयारी असलेला यजमान मिळाला, याला मी दहा महिन्यांतलं सगळ्यात मोठं समाधान मानते.

राहण्याची सोय म्हणून कार्यालयाने संकेतस्थळांची यादी पाठवली, बाकी काही नाही. घरमालक 12 महिन्यांचा करार मागतात आणि अमेरिकेत पतइतिहास नसला तर जास्त अनामत. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात खोली मिळाली.

कर भरण्याबद्दलचं सत्र मात्र चांगलं घेतलं. एक डॉलर न कमावताही 8843 नावाचा फॉर्म पाठवावा लागतो, तो सगळ्यांकडून समोर बसवून भरून घेतला.

सगळ्यात मोठी चूक मला निघताना कळली. माझं डीएस-2019 'रिसर्च स्कॉलर' वर्गात काढलं होतं. या वर्गात 5 वर्षांपर्यंत राहता येतं, पण तुम्ही 10 महिन्यांत परतलात तरी पुढचे 24 महिने त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर'ला 6 महिन्यांची मर्यादा आहे, पण ही 24 महिन्यांची अट लागत नाही. मला पुढच्या उन्हाळ्याची पेरणी बघायला परत जायचं होतं. सुरुवातीला कोणी विचारलं असतं तर मी 6 महिनेच मागितले असते. निरोपाच्या बैठकीत हे ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

आणखी एक. जे-1ची मुदत संपल्यावर अमेरिकेत थांबायला 30 दिवस मिळतात, पण विद्यापीठाचं ईमेल खातं माझ्या शेवटच्या तारखेलाच रात्री बंद झालं. पानांच्या नोंदी, छायाचित्रं, प्राध्यापकांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं आठवडाभर आधी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या.