एल्डरलाइन १४५६७: ज्येष्ठांच्या हेल्पलाइनकडून काय मिळतं, काय नाही

केंद्र सरकारची ही हेल्पलाइन मोफत आहे. सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस. साठी ओलांडलेल्या कुणालाही फोन करता येतो, त्यांच्या वतीने शेजाऱ्यालाही. महाराष्ट्रात मराठीत बोलता येतं आणि मन मोकळं करायचं तर तेच लागतं.

वृद्धाश्रम, दवाखाने, पेन्शनची माहिती, कायद्याचं मार्गदर्शन, मानसिक आधार, आणि छळ होत असेल किंवा कुणी बेवारस सापडलं तर प्रत्यक्ष जाऊन मदत, एवढा या सेवेचा आवाका आहे.

एकटेपणासाठी फोन केला की बहुतेकांचं गाडं सुरुवातीलाच अडतं. समोरून विचारपूस झाली की आजी म्हणतात, "तसं काही नाही, सगळं बरं आहे," आणि फोन ठेवतात. घरात मुलगा-सून ऐकत असतील तर हे होणारच. म्हणून फोन बागेतून किंवा देवळातून करावा. ऐकू कमी येत असेल तर स्पीकर लागतो, तेव्हा बाकावर शेजारी कुणी नाही ना, तेवढं बघावं. पहिलंच वाक्य सरळ असावं: "दिवसभर बोलायला कुणी नाही, रात्री झोप येत नाही." मग नेमकं विचारावं: "आमच्या घरापासून चालत जाता येईल असं विरंगुळा केंद्र किंवा ज्येष्ठ नागरिक संघ कुठे आहे?" फोनवर कितीही आपुलकीने बोललं तरी रोजची संध्याकाळ त्यातून भरत नाही, ती कट्ट्यावरच्या चार माणसांनीच भरते. पत्ता, तालुका आणि चालू औषधांची नावं कागदावर लिहून जवळ ठेवावीत.

मुलं सांभाळत नसतील तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो कसा करायचा, हे इथे जरूर विचारावं. घर मुलाच्या नावावर करायचं असेल तर त्याआधीच विचारावं. बक्षीसपत्रात, म्हणजे मोबदला न घेता घर नावावर करून देण्याच्या दस्तात, सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहिलेली नसेल, तर नंतर ते रद्द करून घेणं फार जड जातं.

सगळ्यात मोठी उणीव वेळेची. एकटेपणा खायला उठतो तो रात्री, आणि आठनंतर इथे कुणी नसतं. तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावावा, तो चोवीस तास चालू असतो. घरात पडलात, छातीत दुखलं तर थेट रुग्णवाहिकेचा १०८. हे तिन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवावेत, मोबाइलमध्ये नुसते सेव्ह करून ठेवू नयेत.