मल्टीमीटर: दुरुस्ती की नवा?

वेंगुर्ल्यात वायरमनचं काम करणारा भाचा विचारतो, मल्टीमीटरवर (व्होल्ट, करंट, रोध मोजायचं यंत्र) आकडे नाचतात, मीटर टाकून देऊ का?

आधी मीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) ठेवून दोन्ही प्रोब, म्हणजे टोकदार वायरी, एकमेकांना टेकव. वाचन हललं तर प्रोब बदल, बरेचदा तेवढ्यावर भागतं. तरी हललं, तर खाऱ्या हवेनं सिलेक्टर स्विचचे (काय मोजायचं ते निवडायच्या फिरत्या बटणाचे) संपर्क काळवंडले असतील. बॅटरी काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस. फक्त करंट दिसत नसेल तर फ्यूज बघ.

खर्चात दुरुस्तीच सरस. टिकण्याचं म्हणशील, तर किनाऱ्यावर नवा मीटरही गंजतो; पावसाळ्यात बॅटरी काढूनच ठेव.

घरच्या किरकोळ कामाला दुरुस्त केलेला चालेल. पण आवरण तडकलं असेल किंवा फ्यूजच्या जागी कुणी तार घातली असेल, तर मेन बोर्डाला तो लावू नकोस. तिथे कॅट ३ चा (बोर्ड आणि पक्क्या वायरिंगवर वापरायच्या सुरक्षा दर्जाचा) नवाच घे.