गिटचं इन्क्लूड-इफ, दोन अकाउंटवाल्यांसाठी

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, आणि इन्क्लूड-इफ ही त्याच्या सेटिंगमधली एक सोय, फोल्डर बघून नाव-ईमेल आपोआप बदलणारी. सहा महिने वापरून मग लिहितोय, कारण सेटअप केल्याच्या दिवशी सगळंच लय भारी वाटतंय. कोल्हापुरात राजारामपुरीत घरातनं पुण्याच्या कंपनीचं काम करतो, लॅपटॉप एकच, तोही माझा. दिवसभर ऑफिसचा कोड आणि रात्री जेवण झालं की त्याच लॅपटॉपवर मामांच्या गुऱ्हाळाचं हिशोबाचं ॲप, ऊस किती टन आला, एका आदणाला, म्हणजे रसाच्या एका कढईला, गुळाचे रवे किती निघाले असलं. गिटहबवर (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) अकाउंट दोन, कारण कंपनीनं दिलेल्या अकाउंटवरनं बाहेरच्या रिपोत, म्हणजे बाहेरच्या प्रोजेक्टच्या कोड-फोल्डरात, काहीच करता येत नाही.

आता घोळ ऐका. कॉलेजात काढलेला माझा ईमेल आहे, त्यात 'किंग' पण आहे आणि 'रांगडा' पण आहे, जास्त विचारू नका. ग्लोबल कॉन्फिगमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या सगळ्या रिपोंना लागू होणाऱ्या गिटच्या सेटिंगमध्ये, तोच बसलेला, आणि तीन आठवडे ऑफिसच्या रिपोत त्याच ईमेलनं कमिट मारत होतो, म्हणजे बदल नोंदवत होतो. मग एका कॉलवर सरांनी स्क्रीन शेअर करून लॉग, म्हणजे कमिटची यादी, उघडला आणि क्लायंटनं तो ईमेल मोठ्यानं वाचला.

त्या रात्रीच बसलो. पहिल्यांदा गिटहबचं कमांड लाइन टूल बघितलं, त्यात २०२३ च्या शेवटी ऑथ स्विच ही अकाउंट बदलायची कमांड आलीये. लॉगिन झटक्यात बदलतं, पण कमिटवरचं नाव-ईमेल गिटच्या कॉन्फिगमधनं येतं, ते तसंच राहतं. म्हणजे घर बदललं आणि दारावरची पाटी जुनीच. शिवाय दरवेळी आठवणीनं स्विच करायचं, आणि आठवण राहत नाही हाच तर माझा प्रॉब्लेम.

मग एसएसएच, म्हणजे पासवर्डऐवजी की नावाच्या फाइलनं सर्व्हरला ओळख पटवायची पद्धत. एकच की दोन अकाउंटना लावता येत नाही, त्यामुळं दोन कीज केल्या आणि एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये गिटहबच्या सर्व्हरला दोन टोपणनावं, एकेका कीला एक. इथं 'आयडेंटिटीज-ओन्ली यस' (म्हणजे सांगितलेलीच की वापर) ही ओळ टाकाच. मी नव्हती टाकली, मग एजंट (कीज सांभाळणारा प्रोग्राम) हाताला लागेल ती की आधी पुढं करतोय, सर्व्हर तिलाच ओळखून आत घेतोय, आणि ऑफिसचा रिपो ओढायला गेलं की 'रिपॉझिटरी नॉट फाउंड'. ब्राउझरमध्ये रिपो डोळ्यासमोर आणि टर्मिनल म्हणतंय असलं काही नाहीच! प्रायव्हेट रिपोला परवानगी नसली तरी हाच मेसेज येतो हे कळेपर्यंत रात्रीचा एक वाजला.

कीचं मिटलं, ईमेलचं राहिलं होतं, ते मिटवलं इन्क्लूड-इफनं. हे गिटमध्येच आहे, २०१७ च्या २.१३ पासनं, फुकट, वेगळं काही टाकायला लागत नाही. ऑफिस नावाचा एक फोल्डर, घर नावाचा एक, आणि ग्लोबल कॉन्फिगला सांगायचं की रिपो या फोल्डरात असला तर ही छोटी फाइल वाच, त्यात असला तर ती. बास, पुढं आपण काही लक्षात ठेवायचं नाही. फक्त पाथच्या शेवटी स्लॅश द्या भावांनो, तो नसला तर आतले रिपो धरतच नाही आणि एरर पण देत नाही, गप बसतंय. याच्यासाठी अर्धा स्टार कापला. आणि चेक करायचं असलं तर रिपोच्या आत जाऊन करा, नुसत्या ऑफिस फोल्डरात उभं राहून ईमेल विचारला तर काही लागू झालेलं दिसणार नाही, मी त्यातच अर्धा तास घालवला.

अजून एक, ग्लोबलमधला ईमेल काढूनच टाका आणि 'यूज-कॉन्फिग-ओन्ली' ट्रू करा, म्हणजे गिट ईमेल अंदाजानं न ठरवता सेटिंगमधलाच घेतं. परवा घाईत ऑफिसचा रिपो डेस्कटॉपवरच क्लोन केला (उतरवून घेतला), कमिट मारायला गेलो तर गिटनं अडवलं, आधी कोण ते सांग म्हणून. गपगुमान फोल्डर हलवला.

साडेचार स्टार. मामांचं ॲप अजून अर्धवटच आहे, ते विचारू नका.