सात महिने पाण्यात: आमची ३२ फुटी फायबरची बोट आणि ती बांधणारं यार्ड

बोट ताब्यात आली १२ सप्टेंबर २०२४ ला. त्याच आठवड्यात मी हा अनुभव लिहायला बसलो होतो. बाबा म्हणाले, "एक हंगाम पाण्यात राहू दे तिला, मग बोल." त्यांनी थांबवलं ते बरं झालं. तेव्हा मी फक्त उशिराबद्दल लिहिलं असतं. एप्रिलमध्ये बोट वर ओढून, तळाला हात लावून झाल्यावर आता लिहितोय. यार्डाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. पण आमच्या भागात फायबरची बोट घ्यायच्या विचारात असलेल्या माणसाला यातलं बरंच उपयोगी पडेल.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचे. वावरीची, म्हणजे मासा आत अडकून राहतो ती जाळी, सुरमई-पापलेटचा धंदा. बाबांची आधीची बोट सागवानी होती. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा बाबा तिच्यावरच होते आणि तिनेच त्यांना आंजर्ल्याच्या खाडीत आणून सोडलं. घरात बोटीची पारख त्या दिवसापासून ठरलेली आहे. बोट वेगाने पळते की नाही हे आम्ही नंतर बघतो. वाकडी झाली तर परत सरळ होते का, हे आधी बघतो. हर्णैला बोटी उघड्यावर नांगराला असतात, मासळी लहान होडीने किनाऱ्यावर आणायची. वारा फिरला की पळून खाडीत शिरायचं. अशा ठिकाणी तळ पातळ असलेली बोट चालत नाही.

लाकूड आता परवडत नाही आणि लाकडाचं काम करणारे सुतारही राहिले नाहीत, म्हणून फायबर. जानेवारीत यार्ड बघायला गेलो तर आत एकाच वेळी पाच बोटी उभ्या. मला वाटलं, एवढं काम आहे म्हणजे माणूस भरवशाचा. आज तेच चित्र आठवलं की कळतं, बोटी पाच होत्या आणि कामाला माणसं तीन. दोन बोटींवर धूळ होती. ती धूळ मी पाहिली, पण मोजली नाही. इंजिन सोडून बोटीचे ७ लाख २० हजार ठरले, मे अखेरीस ताबा. टोकनला १ लाख, साचा भरायला, म्हणजे साच्यात फायबरचे थर द्यायला घेतले की ३ लाख, डेक बसल्यावर २ लाख, उरलेले पाण्यात उतरवताना. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार आणि पाच वर्षांची हमी.

दुसरा हप्ता मार्चमध्ये घेतला. साचा भरायला घेतला जुलैमध्ये. मधले चार महिने आमचे पैसे कुठे होते, हे नंतर कळलं. आमच्या हप्त्यातून आधीच्या बोटीचं रेझिन (काचेचे धागे धरून ठेवणारं, वाळून कडक होणारं रसायन) आलं होतं आणि आमचं रेझिन आमच्या मागच्या गिऱ्हाईकाच्या टोकनमधून यायचं होतं. ते टोकन उशिरा आलं. म्हणून ऐन पावसाळ्यात, दोन बाजूंनी उघड्या शेडमध्ये, प्लास्टिकचा कागद बांधून आमची बोट भरली गेली. मी दोनदा जाऊन बसलो. मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे गुंडाळे खाली जमिनीवर होते आणि हाताला दमट लागत होते. मी विचारलं, चालतं का? उत्तर मिळालं, "हार्डनर वाढवतो, सुकेल." नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. नारळ आम्ही काकांच्या बोटीवरून सोडला.

चांगलं आहे ते आधी सांगतो, कारण ते खरं आहे. नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा आकार सुरेख आहे. समोरून येणारी लाट ती कापत नाही, उचलून बाजूला ठेवते. बोट चालवणारे आमचे तांडेलमामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "साचा बनवणारा हात जाणकाराचा हाय." डिझेल जुन्या बोटीपेक्षा कमी लागतं. दरवर्षीचं डामर, राळ, फटी भरणं गेलं. सुकाणू हलकं आहे, पंखा आणि शाफ्ट एका रेषेत नीट बसवलेत. इंजिन आम्ही स्वतः डीलरकडून, आमच्या नावाच्या बिलावर घेतलं होतं आणि संपूर्ण व्यवहारात हा एक निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. त्याचं कारण पुढे येईल.

पहिली तक्रार खणाची. मासळीच्या खणाचा आतला पृष्ठभाग ऑक्टोबरपर्यंत बोटाला चिकट लागत होता आणि रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास जात नव्हता. बर्फातली सुरमई वर काढली की तिलाही वास. लिलावात दोनदा आमचा ढीग मागे पडला. चिकटपणा म्हणजे रेझिन पुरतं पक्कं झालेलं नाही. वरचा शेवटचा थर मेण मिसळून द्यावा लागतो, हवा लागली की पॉलिएस्टर रेझिनचा पृष्ठभाग नीट वाळत नाही. तो थर दिलाच नव्हता. फोनवर सांगितलं, "माणूस पाठवतो." कोणी आलं नाही. शेवटी आम्हीच घासून, नवीन थर देऊन घेतला.

दुसरी गोष्ट याहून मोठी. बोट एका बाजूला गेली की तिथेच क्षणभर थांबायची. पडत नव्हती, पण परत यायला वेळ घ्यायची. नवख्याला असं संथ डोलणं आरामाचं वाटतं. पाठीला हिसका बसत नाही, चहा सांडत नाही. पण जी बोट चटकन, थोडी आदळून उभी राहते तीच अंगात जोर असलेली बोट. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला, जाळं एका अंगाने ओढत होतो आणि आडवी लाट आली. डेकवर आलेलं पाणी निघून जायला जी भोकं ठेवलेली, ती मुठीएवढीसुद्धा नव्हती. पाणी तुंबलं आणि बोट कलली त्या बाजूला सगळं धावलं. तांडेलमामांनी जाळं कापायला लावलं. नव्या जाळ्याचे चार तुकडे आम्ही तिथे सोडून आलो आणि त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

परत आल्यावर आंजर्ल्याच्या खाडीत, वारा पडलेला असताना, दोर सैल सोडून आम्ही पाच जणांनी बोट डोलवली आणि मोबाईलवर वेळ लावली. लहान मासेमारी बोटींसाठीचा हा साधा आडाखा कोणीही करून बघू शकतो. एका बाजूकडून दुसरीकडे आणि परत मूळ जागी, असा एक पूर्ण हेलकावा जितक्या सेकंदांचा, तो आकडा बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी असला पाहिजे. आमची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे २.६ मीटर. दहा हेलकाव्यांना ३२ सेकंद लागले, म्हणजे एकाला ३.२. कारणं डोळ्यांसमोर होती. केबिन करारातल्यापेक्षा सव्वा फूट उंच आणि तिच्या टपावर २०० लिटरची पाण्याची टाकी. टाकी आम्ही खाली इंजिनाच्या पुढे आणली, केबिनचं छप्पर उतरवून हलकं केलं, पाणी जायची भोकं चौपट मोठी केली. आता दहाला २७ सेकंद. आडाख्यापेक्षा अजून थोडं जास्तच आहे, म्हणून खण अर्धवट भरलेला असताना बर्फाचं वितळलेलं पाणी आम्ही साठू देत नाही, पंप चालू ठेवतो. खणात इकडून तिकडे वाहणारं पाणी बोटीचा जोर खातं.

फेब्रुवारीत मासे शोधायचं यंत्र बसवायचं होतं. त्यासाठी तळाला गोल भोक पाडलं आणि कापलेली चकती हातात आली. मी आधी वजन बघितलं, मग कड बघितली. करारात तळ ९ मिलिमीटर लिहिलाय. चकती साडेसहा. कडेला पांढरे, कोरडे धागे दिसत होते, म्हणजे तिथे रेझिन पोचलंच नव्हतं आणि बाकी ठिकाणी नुसतं रेझिन साचलेलं. भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याने कॉलेजच्या भट्टीत अर्धी चकती जाळली. काच जळत नाही, रेझिन जळून जातं आणि थर पानांसारखे सुटे होतात, ते मोजता येतात. ठरलं होतं ४५० ग्रॅमच्या मॅटचे सहा थर आणि रोविंगचे, म्हणजे काचेच्या विणलेल्या कापडाचे तीन. निघाले चार आणि दोन. तीन थर आमच्या बोटीत गेलेच नाहीत. ते थर कोणी चोरून विकले असं मला वाटत नाही. ते थर म्हणजे दोन महिन्यांचा थकलेला पगार, शेडचं भाडं, आधीच्या गिऱ्हाईकाची राहिलेली बोट. यार्डाच्या गल्ल्यात जे कमी पडलं, ते आमच्या तळात कमी पडलं.

मार्चमध्ये तळाला बाहेरून दोन बारीक तडे दिसले. आडवे, दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून बरोबर चार फुटांवर. इतकं मोजून कुठलीही बोट तडकत नाही. त्या यार्डातला जुना मिस्त्री आता दुसरीकडे कामाला आहे, त्याला बोलावलं. त्याने पैसे घेतले नाहीत. बोटीखाली वाकून तळावरून हात फिरवत गेला आणि तड्यापाशी थांबला. "दादा, साचा माझाच. पण माझा साचा अठ्ठावीस फुटांचा. मी गेल्यावर मधोमध कापून चार फुटांचा तुकडा घातलाय." म्हणजे ३२ फुटी बोट मुळात ३२ फुटी नव्हतीच. साचा लांबवणं हा गुन्हा नाही, नीट केलं तर चालतं, पण जोडाच्या जागी आतून जास्तीचे थर आणि आडव्या पट्ट्या द्याव्या लागतात. इथे थर कमीच होते. तो का सोडून गेला, तेही सांगितलं: तीन महिने पगार नव्हता. बाबांनी त्याला जेवून जायला लावलं. निघताना तो पुन्हा एकदा नाळेपाशी जाऊन उभा राहिला होता.

जानेवारीतच यार्डाला कुलूप लागलं होतं. जागेच्या मालकाने थकलेल्या भाड्यापोटी साचे ताब्यात घेतले. पाच वर्षांच्या हमीतले चार महिने झाले होते. आम्ही त्या यार्डाच्या बोटी घेतलेले पाच जण हर्णैत जमलो. दोघांच्या बोटींना तेच तडे. एकाच्या इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट दर पंधरा दिवसांनी सैल होतात, आतलं प्लायवूड पाणी प्यायलंय. ते साधं प्लायवूड निघालं, समुद्रात लागतं ते आयएस ७१० मानकाचं नव्हे. आणि पाचव्याची गोष्ट ऐकून सगळे गप्प झाले. त्याने ४ लाख भरलेत, बोट डेकशिवाय आत पडून आहे, आणि त्याने यार्डामार्फत घेतलेलं इंजिनही आतच. करारात बोटीचा क्रमांक नाही, इंजिनाचा नाही. त्या कुलपामागचं काय त्याचं आहे, हे तो कागदावर दाखवू शकत नाही. बांधणी दाखला नाही म्हणून नोंदणीही अडणार.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. सुरुवातीला सांगणारे म्हणत होते, बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक होत नाही. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. बाबा आणि मी स्वतः बोटीवर जातो, ते आम्ही लिहून दिलं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. चकती, जळलेले थर, फोटो, हप्त्यांच्या पावत्या, सगळं जोडलंय. पैसे परत मिळतील या आशेवर मात्र आम्ही बोट तशीच पडून ठेवलेली नाही.

एप्रिलच्या मध्यात ती वर ओढली. कडक उन्हात तीन आठवडे वाळू दिली, आतून घासून चांगली काच लागेपर्यंत गेलो आणि दुसऱ्या, छोट्या यार्डाच्या माणसांकडून तळाला चार थर चढवले, दोन्ही जोडांवर वेगळ्या पट्ट्या. १ लाख ३५ हजार गेले. या यार्डात एका वेळी एकच बोट असते. मालक पावसात साचा भरत नाही, सरळ "ऑक्टोबरात या" म्हणतो. आधी मला तो आळशी वाटला होता.

आता कोणी बोट बांधून घ्यायला निघालं तर मी त्याच्याबरोबर जातो आणि बोटींकडे शेवटी बघतो. आधी कामगारांना विचारतो, पगार कधी झाला. रेझिनचे ड्रम सीलबंद आहेत की सुट्या कॅनमध्ये, मॅट फळीवर आहे की जमिनीवर. दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाईकाचा नंबर मागतो, गेल्या महिन्यातल्याचा नाही. हप्ता तारखेला नाही, थराला बांधायचा: इतके थर झाले, मी येऊन मोजले, मग पैसे. भोकं पाडताना निघणाऱ्या सगळ्या चकत्या आमच्या, हे करारात लिहून घ्यायचं. बोटीचा क्रमांक पहिल्या थराच्या दिवशी तिच्या अंगावर आणि कागदावर, दोन्हीकडे.

आणि ज्यांच्याकडे २०२३-२४ मधली, रत्नागिरी जिल्ह्यात बांधलेली ३२ फुटी बोट आहे, तिचा साचा मुळात किती फुटांचा होता हे माहीत नाही, त्यांनी आता बोट वर असताना एवढं करा. नाळेच्या टोकापासून १४ फुटांवर आणि १८ फुटांवर, पाण्याखालच्या भागात, ओला तळहात सपाट ठेवून आडवा फिरवा. उंचवटा लागला तर लाकडी हातोडीने हलके ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी भद्द येतो. भद्द आला तर रंग लावू नका, ती जागा आधी उघडा.