सेंट जॉन्स की फिट्झविल्यम? केंब्रिजचे कॉलेज निवडताना

केंब्रिजचा अर्ज भरताना विषय लगेच ठरतो, गाडी अडते ती कॉलेजच्या रकान्यावर. एकूण ३१ कॉलेजे आहेत. आपल्याकडे कॉलेज म्हटले की वर्ग आणि हजेरी. तिथे व्याख्याने, परीक्षा आणि पदवी हा सगळा विद्यापीठाचा कारभार. कॉलेजकडे राहणे, जेवण आणि पदवीच्या मुलांसाठी सुपरव्हिजन, म्हणजे दोघातिघांनी शिक्षकासमोर बसून आठवडाभर सोडवलेल्या गणितांची चिरफाड ऐकायची. पदवी दोन्हीकडची सारखीच, त्यामुळे नावाच्या वजनाला मी फारसे गुण देत नाही.

सेंट जॉन्स १५११ चे, गावाच्या मध्यात, कॅम नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले. रँग्लर परांजपे इथलेच. १८९९ मध्ये ते सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. कॉलेज श्रीमंत आहे. मोठ्या हॉलमध्ये गाऊन घालून जेवायची हौस असेल तर इथे ती पुरेपूर फिटते.

फिट्झविल्यमची सुरुवात १८६९ ची, तीही कॉलेज म्हणून नव्हे. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नव्हता त्यांना विद्यापीठात शिकता यावे म्हणून केलेली ती सोय होती. जयंत नारळीकर १९५७ मध्ये गेले ते इथेच, तेव्हाच्या फिट्झविल्यम हाउसमध्ये. पुढे किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. फिट्झविल्यमला कॉलेजचा दर्जा मिळाला १९६६ मध्ये. आताचा परिसर हंटिंग्डन रोडवर, ‘टेकडी’वर. आपल्या लेखी तो जेमतेम चढ, पण उलट्या वाऱ्यात सायकल मारताना दम निघतो. इमारती विटांच्या, पर्यटक तुरळक.

माझा कल फिट्झविल्यमकडे. दारातच सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असली की रोजचे राहणे जिकिरीचे होते. मात्र खरी गोम स्वयंपाकघरात आहे. जुन्या इमारतींत बऱ्याचदा ‘जिप रूम’ असते: अरुंद ओटा, एक-दोन शेगड्या, सामायिक फ्रिज. मोहरी तडतडली, हिंग पडला की अलार्म कोकलतो आणि अख्खा जिना पायजम्यात बाहेर अंगणात कुडकुडत उभा. रोज वरणभात लागणाऱ्याने गाऊनच्या आधी शेगड्या मोजाव्यात.

भारतातून पदवीला जाणाऱ्यांना विद्यापीठाच्या फीशिवाय कॉलेजची फी वेगळी पडते आणि ती कॉलेजागणिक बदलते. एमफिल-पीएचडीवाल्यांनी या दोघांत अडकूच नये. मार्गदर्शक विभागाकडून मिळतो, तेव्हा १९६४ चे डार्विन बघा. तिथे सगळेच पदव्युत्तर, आणि जेवताना प्राध्यापकांसाठी वेगळे, मानाचे टेबलही नाही.

शिवाय तुम्ही निवडलेले कॉलेज तुम्हाला निवडेलच असे नाही. चांगला अर्ज जागेअभावी राहिला तर तो ‘पूल’मध्ये जातो आणि तिथून दुसरे कॉलेज उचलू शकते.

तरीही अडलातच, तर दोन्ही कॉलेजांना ई-मेल करून विचारा: आठ आठवड्यांचे सत्र संपले की खोली रिकामी करावी लागते का? मुंबईचे तिकीट त्यावर ठरते, आणि कुकर कुठे ठेवायचा हेही.